मादक द्रव्यनीती, महाराष्ट्रातील

मद्य, ताडी, अफू, गांजा, चरस, हेरॉइन इ. कैफ आणणाऱ्या द्रव्यांचे उत्पादन, विक्री व सेवन यांसंबंधी शासनाने वेळोवेळी स्वीकारलेले धोरण. या धोरणाच्या दोन दिशा मानल्या जातात : एक, सेवन हाच अपराध मानून संपूर्ण बंदी घालणे, दुसरी, सेवन पूर्णपणे थांबणार नाही हे गृहीत धरून त्यापासून होणारी हानी शक्य तितकी कमी करणे (हानी-न्यूनीकरण). दुसरी संज्ञा विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. तथापि त्यामागील विचार महाराष्ट्राला त्यापूर्वीच परिचित होता.

ब्रिटिश अमदानीत या प्रश्नाचे स्वरूप नैतिक नसून मुख्यतः महसुली होते. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून दारू गाळण्याचे काम मोठ्या मक्तेदारांच्या हाती देण्याचे धोरण पक्के केले. ताडीच्या झाडांवरील करही वाढविण्यात आला. त्याचा सर्वाधिक जाच ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांना झाला. तेथील कातकरी, ठाकूर, वारली इ. जमाती मोहाची फुले वेचून वाळवीत, टंचाईच्या दिवसांत ती शिजवून खात आणि सणासुदीला व लग्नकार्याला त्यांचीच दारू गाळीत. घरची दारू थांबल्यावाचून सरकारमान्य दारू खपणार नाही, हे ओळखून 1892 मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी कायदा करण्यात आला आणि तो या दोन जिल्ह्यांना लागू झाला. फुले बाळगण्यावर त्याने निर्बंध घातले. तत्कालीन कल्याण तालुक्यात मोडणारा बदलापूर, बेलवली, अंबरनाथ हा उल्हास नदीकाठचा प्रदेश या कायद्याच्या कक्षेत होता. अशा रीतीने, जी वस्तू अन्नही होती, ती घरात ठेवणे हा गुन्हा ठरू शकला. बंदीचा भार प्रथम दुर्बलांवर पडतो, याचे या राज्यातील हे जुने उदाहरण होय.

याच सुमारास नेमलेल्या भारतीय भांग-गांजा आयोगाने (1893–94) वेगळा विचार मांडला. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने मुंबई इलाख्यासह देशभर साक्षी घेतल्या. माफक सेवनापासून सर्वसाधारणपणे गंभीर अपाय होत नाही, अतिसेवन मात्र अपायकारक ठरते आणि संपूर्ण बंदी घातल्यास लोक अधिक घातक द्रव्यांकडे वळण्याचा संभव आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. बंदीऐवजी कर, परवाने व मर्यादित लागवड हे उपाय त्याने सुचविले. राज्यकर्त्यांच्या महसुली हिताशी हा निष्कर्ष सोयीस्करपणे जुळत होता, हे खरे. परंतु त्यासाठी गोळा केलेला पुरावा विपुल होता आणि त्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

राष्ट्रीय चळवळीने हा महसूलच त्याज्य ठरविला. दारूच्या दुकानांवरील निरोधन हा महात्मा गांधींच्या कार्यक्रमाचा भाग होता. 1937 मध्ये मुंबई प्रांतात अधिकारारूढ झालेल्या काँग्रेस मंत्रिमंडळातील डॉ. मं. धं. गिल्डर यांनी 1 ऑगस्ट 1939 पासून मुंबई शहरात दारूबंदी अंमलात आणली. बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर कर बसविण्यात आला. त्यास मालमत्ताधारकांनी, विशेषतः पारशी समाजाने, विरोध केला. मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यानंतर हा प्रयोग बारगळला. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम संमत झाला आणि 1950 च्या एप्रिलपासून राज्यभर पूर्ण दारूबंदी आली. बलसारा खटल्यात (1951) सर्वोच्च न्यायालयाने अधिनियम बहुतांशी वैध ठरविला. मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांसंबंधीच्या काही तरतुदी मात्र रद्द केल्या.

या बंदीच्या पोटातच परवान्याची पळवाट होती. परदेशी नागरिकांना, तसेच प्रकृतीच्या कारणास्तव वैद्यकीय प्रमाणपत्र मिळवू शकणाऱ्यांना मद्य मिळे. ज्याला डॉक्टरकडे जाणे परवडे, त्याचे पिणे औषध ठरे. गिरणी-कामगाराचे पिणे गुन्हा ठरे. काळा गूळ व नवसागर घालून गाळलेली हातभट्टीची दारू मुंबईच्या उपनगरांत व आसपासच्या खाड्या-डोंगरांच्या आश्रयाने फोफावली आणि तिच्याभोवती हप्त्यांचे अर्थकारण उभे राहिले. त्या दारूची शुद्धता तपासणारे कोणी नव्हते. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदी टप्प्याटप्प्याने शिथिल झाली आणि 1973 च्या नियमांनी देशी दारूच्या उत्पादन-विक्रीला रीतसर चौकट दिली. अधिनियम मात्र रद्द झाला नाही. मद्य पिण्यासाठी परवाना लागतो, ही तरतूद कागदोपत्री कायम राहिली; ‘परमिट रूम’ हा शब्द त्यातूनच मराठीत रुळला. बंदी शिथिल झाल्यानेही विषारी दारू थांबली नाही. 2015 च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक बळी घेतले.

अफूच्या बाबतीत मार्ग काहीसा निराळा होता. 1949 च्या अखिल भारतीय अफू परिषदेने वैद्यकेतर सेवनासाठी होणारा पुरवठा दहा वर्षांत क्रमाक्रमाने घटवून बंद करण्याचे ठरविले. नोंदणीकृत व्यसनींना तोपर्यंत ठराविक प्रमाणात अफू मिळे. 1959 मध्ये हा पुरवठा थांबला. व्यसनी व्यक्तीला एकाएकी तोडू नये, हे तत्त्व त्यात अनुस्यूत होते.

1980 नंतर मुंबईत हेरॉइनचा अशुद्ध प्रकार ‘गर्द’ या नावाने पसरला आणि प्रश्नाचे स्वरूपच बदलले. अनिल अवचट यांच्या लेखनाने मराठी वाचकाला त्याची भीषणता प्रथम जाणवली. 1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने व पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी केंद्र शासनाने गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम (1985) केला होता. त्यात किमान दहा वर्षांच्या कठोर शिक्षा होत्या. 1989 च्या दुरुस्तीने काही पुनरपराधांसाठी मृत्युदंड अनिवार्य केला. अल्प व व्यापारी प्रमाण यांत शिक्षेच्या दृष्टीने नीट भेद करण्यास 2001 साल उजाडावे लागले. 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्क’ या संघटनेच्या याचिकेवर मृत्युदंडाची अनिवार्यता अमान्य केली आणि 2014 च्या दुरुस्तीने तो न्यायालयाच्या विवेकाधीन झाला. दरम्यान एड्सच्या प्रसारामुळे निर्जंतुक सुया पुरविणे व हेरॉइनऐवजी ब्युप्रेनॉर्फिन देणे हे उपाय राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात समाविष्ट झाले. एकाच शासनाचा एक विभाग व्यसनी व्यक्तीला पकडतो व दुसरा तिला सुई देतो, ही विसंगती त्यामुळे उघड झाली.

तथापि बंदीची मागणी केवळ सत्तेकडून येते, असे समजणे चूक होईल. गडचिरोली जिल्ह्यात 1993 मध्ये आलेली दारूबंदी डॉ. अभय व राणी बंग यांच्यासह आदिवासी गावांच्या दीर्घ आंदोलनातून आली. गावातील वा प्रभागातील स्त्रियांनी मतदानाने दुकान बंद करण्याची, म्हणजे ‘बाटली आडवी’ करण्याची तरतूद राज्यात आहे. मारहाण व उपासमार ज्यांच्या वाट्याला येते, त्यांच्या दृष्टीने हानी-न्यूनीकरणाचा अर्थ घराजवळचे दुकान बंद होणे हाच असतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये आलेली बंदी, अवैध विक्री वाढल्याचे कारण देऊन, 2021 मध्ये उठविण्यात आली. गडचिरोलीत ती कायम ठेवण्यात आली. त्याच वर्षी मोहफुलांच्या संकलन व साठवणुकीवरील जुने निर्बंधही राज्य शासनाने मागे घेतले.