कांगड्याचे मीठ

कांगडा म्हटले की रसिकांना तेथील लघुचित्रांतील राधाकृष्ण आठवतात. परंतु त्याच खोऱ्यात गळ्याखाली गाठ घेऊन वावरणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या इतकी होती, की तिचे कोणाला नवल वाटत नसे. या गाठीच्या विकाराचे, गलगंडाचे, वर्णन सुश्रुताने केले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी गिलगिटमध्ये नेमणुकीस असलेल्या रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन या डॉक्टराने त्याचा दोष दूषित पाण्यावर ठेवला. पाणी अपराधी खरेच, पण निराळ्या रीतीने: हिमनद्यांनी आणि पर्जन्याने सहस्रावधी वर्षे डोंगरउतारांवरील आयोडीन धुऊन नेल्यामुळे ते धान्यात, भाजीत, दुधात उतरेना, आणि कंठातील ग्रंथी अपुऱ्या द्रव्यावर काम भागविण्याच्या खटपटीत फुगत जाई.

१९५६ साली संशोधक व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तेव्हा पंजाबात मोडणाऱ्या या मुलखाचे तीन विभाग पाडून, एकास पोटॅशियम आयोडाइड घातलेले, दुसऱ्यास पोटॅशियम आयोडेट घातलेले आणि तिसऱ्यास निव्वळ साधे मीठ पुरविण्यास आरंभ केला. मीठच का? अन्नधान्य घरचे पिकविणाऱ्या कुणब्यालाही मीठ विकतच घ्यावे लागते, आणि धनिक व दरिद्री ते जवळपास सारखेच खातात. नेमक्या याच हिशेबाने जुन्या अमलदारांनी त्यावर जकात बसविली होती. ज्या वाटेने सरकारी वसुली गोरगरिबांच्या चुलीपर्यंत पोहोचत असे, त्याच वाटेने आता औषध पाठविले गेले, हा मला या साऱ्या हकिकतीतील सर्वांत मार्मिक भाग वाटतो.

१९६२ च्या तपासणीत आयोडीनच्या दोन्ही विभागांत गलगंड निम्म्याच्या आसपास उतरलेला आढळला. साध्या मिठाच्या विभागात तो होता तेथेच होता. (तेथील मुलांना तुलनेसाठी वाट पाहावी लागली, हे मनाला डाचते, पुढे त्यांनाही तेच मीठ मिळाले.) दमट हवेत टिकते म्हणून आपल्याकडे आयोडेट रूढ झाले.

त्याच वर्षी राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, पण त्याची नजर हिमालयाच्या पट्ट्यावरच खिळलेली होती. पुढील पाहण्यांत मैदानी प्रदेशांतही, अगदी महाराष्ट्रातही, गलगंड सापडला. कोकणच्या मिठागरांतील मिठात समुद्राचे आयोडीन असणारच, हा समजही निराधार. पाणी आटून मीठ धरताना ते त्यात फारसे उतरत नाही. अखेर १९८० नंतरच्या दशकात सर्वच खाण्याच्या मिठात आयोडीन घालण्याचे धोरण ठरले. पुढे साध्या मिठाच्या विक्रीवर केंद्रीय बंदीही आली; ती मात्र २००० साली उठविली गेली आणि २००६ मध्ये पुन्हा अमलात आली.