उडू शकणारं विमान आणि उडायला लायक विमान

नाशिककरांना विमानाच्या आवाजाचं फारसं अप्रूप नाही. १९६० च्या दशकापासून ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग बनू लागली, मग सुखोई आली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथेच बनलेलं पहिलं तेजस मार्क वन-ए उडालं. विमान बनवणाऱ्यांचं कौतुक होतं आणि व्हायलाच हवं. पण "हे विमान उडायला हरकत नाही" अशी सही करणाऱ्यांबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. आजचा लेख त्या सहीबद्दल.

कायदा विमानाबद्दल दोन प्रश्न विचारतो. पहिला, मंजूर झालेल्या डिझाइनबरहुकूम ते आहे का? दुसरा, आज, या घडीला ते सुरक्षित अवस्थेत आहे का? आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. टेस्टिंग झालेली आवृत्ती आणि सर्व्हरवर प्रत्यक्ष चालू असलेली आवृत्ती एकच आहे, असं नुसतं गृहीत धरून चालत नाही!

उड्डाणयोग्यतेचा दाखला हवाच, हा आंतरराष्ट्रीय नियम १९१९ च्या पॅरिस करारातला. पण कागद असला म्हणजे झालं का? १९३० सालचं उदाहरण बघा. आर-१०१ हे ब्रिटिश हवाई जहाज कराचीला यायला निघणार होतं. (कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, बरं का.) त्याच्या गॅसच्या पिशव्या बैलांच्या आतड्यांच्या पातळ त्वचेच्या अस्तराच्या. त्या आतल्या सांगाड्याला घासून त्यांना भोकं पडत होती. तपासनीस मॅकवेड यांनी ३ जुलैला वरिष्ठांना लिहून कळवलं की घासणाऱ्या जागी गाद्या लावणं हा काही खरा उपाय नाही, आणि परवानगी वाढवायची शिफारस आपण करू शकत नाही. ते पत्र मागे पडलं. हवाई मंत्री लॉर्ड थॉमसन यांना भारतात जाऊन ऑक्टोबरातच लंडनला परतायचं होतं. शेवटी निघण्याच्या तोंडावर दाखला मिळाला, आणि राहून गेलेली पूर्ण वेगाची चाचणी प्रवासातच उरकायची असं ठरलं! ५ ऑक्टोबरच्या पहाटे जहाज फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं. ५४ पैकी ४८ जण गेले, त्यात थॉमसनही होते. चौकशी केली सर जॉन सायमन यांनी. होय, 'सायमन गो बॅक'वालेच. धोरणाच्या दबावाखेरीज हे जहाज त्या संध्याकाळी निघालंच नसतं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणजे तिथे कागद होता, पण कागदामागचं विमान तसं नव्हतं. आता याच्या बरोबर उलटं उदाहरण, आणि तेही आपल्या मराठी माणसाचं. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं. पण उडवणार कसं? मंजूर डिझाइनच नाही, तर "डिझाइनबरहुकूम आहे का" याचं उत्तर देणार कशाच्या आधारावर? नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली, उडायचा परवाना मिळायला ऑक्टोबर २०१९ उजाडलं, आणि २०२० मध्ये आपल्या शेजारच्या धुळ्याला त्याच्या चाचण्या झाल्या.

ही सगळी वर्षं वाया गेली म्हणायची का? माणसाच्या जिद्दीकडे बघितलं तर चीड येते, आणि येणं बरोबर आहे. नियमांनी "नाही" म्हणावं, पण "हो" कसं मिळवायचं हेही स्पष्ट सांगावं. मात्र आर-१०१ आठवलं की तपासणी नकोच असं म्हणवत नाही. थोडक्यात, इलाज हवा तो वाट सोपी करण्याचा, सही स्वस्त करण्याचा नव्हे.

आज प्रवासी विमान निघण्याआधी नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेचा दाखला तर लागतोच, शिवाय त्याचा मुदतीतला आढावा लागतो. सक्तीच्या दुरुस्त्या झालेल्या असाव्या लागतात, आणि काम केलं असेल तर परवानाधारक इंजिनिअरची टेक्निकल लॉगमध्ये सही असावी लागते. काही बिघाड ठेवून उडता येतं, पण कोणते आणि किती दिवस, याची मंजूर यादी असते. लष्करी विमानांची व्यवस्था वेगळी. तिथे डिझाइनला मान्यता देणारी यंत्रणा एक आणि कारखान्यातून निघणाऱ्या विमानाची गुणवत्ता तपासणारी दुसरी. तत्त्व तेच.

आणि सगळ्यात शेवटी वैमानिक. सगळे कागद चोख असले तरी "मी हे नेत नाही" म्हणायचा हक्क त्याचा.

तेव्हा ओझरहून कधी विमानात बसलात, आणि "तांत्रिक कारणामुळे थोडा उशीर" असं ऐकू आलं, तर वैतागण्याआधी मॅकवेडचं पत्र आठवा. कोणीतरी सही करायला नकार दिला असेल, आणि या वेळी त्याचं ऐकलं गेलं असेल.