संवेदनांचा भार आणि आपली मुले

रविवारी पवित्र मिस्सा चालू असताना घंटा वाजते आणि मागच्या बाकावरील एखादे मूल दोन्ही कानांवर हात ठेवून किंचाळू लागते. आई त्याला घेऊन घाईघाईने बाहेर पडते. चार माना वळतात, कोणीतरी ‘मुलाला वळण नाही’ असे पुटपुटते, आणि पुढच्या रविवारी ते कुटुंब चर्चमध्ये दिसत नाही. असा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्या वागण्यामागे हट्ट किंवा लाडच असतील असे नाही. संवेदन-प्रक्रियेतील अडचण हेही त्याचे कारण असू शकते. ही अडचण कशी ओळखावी आणि पालकांनी, शाळेने व धर्मग्रामाने काय करावे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

अडचण म्हणजे काय?

पाच ज्ञानेंद्रिये आपल्याला ठाऊक आहेत. त्यांखेरीज तोल व हालचाल यांची जाणीव आतल्या कानातून होते, हातपाय कोठे आहेत हे स्नायू व सांधे कळवितात, आणि भूक, तहान यांची जाणीव शरीराच्या आतून येते. या सर्व संदेशांची निवड मेंदू क्षणोक्षणी करीत असतो. डोक्यावरच्या पंख्याचा आवाज आपण विसरून जातो तो यामुळेच. काही मुलांच्या बाबतीत ही निवड नीट होत नाही.

अशा मुलांत साधारणपणे तीन प्रकार आढळतात. काहींना संवेदना फार तीव्रतेने जाणवतात: कुकरची शिटी, मिक्सरचा आवाज, सदऱ्याच्या कॉलरमागची पट्टी किंवा केस कापणे त्यांना असह्य होते. काहींना संवेदना उशिरा किंवा कमी जाणवतात: खरचटले तरी त्यांना कळत नाही, हाक मारली तरी ती वळत नाहीत. काही मुले सतत संवेदना शोधत असतात: उड्या मारणे, गरगर फिरणे, इतरांवर आदळणे थांबत नाही. एकाच मुलात हे प्रकार एकत्रही दिसतात. डोंबिवली स्थानकावरील सकाळची गर्दी, लोकलचा भोंगा, लग्नाची वरात, दिवाळीचे फटाके हे आपल्याला सवयीचे आहे; अशा मुलाची मात्र त्यात सारी शक्ती खर्च होते. म्हणूनच दिवसभर शाळेत शांत राहिलेले मूल संध्याकाळी घरी आल्यावर क्षुल्लक कारणाने कोसळते.

शास्त्र काय सांगते?

या विषयाचा पाया अमेरिकेतील व्यवसायोपचार तज्ज्ञ जीन एअर्स यांनी घातला. त्यांचा संवेदी एकात्मतेवरील ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला. व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी, या शास्त्राचे मुंबईशी जुने नाते आहे. कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली के. ई. एम. रुग्णालयात त्याचे शिक्षण देणारे आशियातील पहिले विद्यालय सुरू केले.

पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदान-पुस्तिकेत ही अडचण स्वतंत्र विकार म्हणून दिलेली नाही. स्वमग्नतेच्या लक्षणांत मात्र तिचा समावेश आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ साली सांगितले की, केवळ या नावाचे निदान करून थांबू नये. स्वमग्नता, अतिचंचलता, चिंता यांची तपासणी करावी. उपचारांच्या परिणामाबद्दलचा पुरावा मर्यादित आहे, हेही त्या संघटनेने नमूद केले. म्हणून पूर्ण बरे करण्याची हमी देणाऱ्यापासून सावध राहावे. ‘स्वतः कपडे घालणे’, ‘जेवणाला पंधरा मिनिटे बसणे’ अशी ठरावीक उद्दिष्टे तज्ज्ञांबरोबर ठरवावीत आणि काही आठवड्यांनी प्रगती तपासावी.

घरी व शाळेत काय करावे?

प्रथम दोन आठवडे नोंद ठेवावी: त्रास कधी झाला, कोठे झाला, त्याआधी काय घडले. कारण हळूहळू स्पष्ट होते. कपड्यांच्या पट्ट्या कापाव्यात. मिक्सर लावण्यापूर्वी सांगावे. गर्दीच्या ठिकाणी कान झाकण्याचे साधन द्यावे. कणीक मळणे, भाजीची पिशवी उचलणे अशी जोर लागणारी कामे अनेक मुलांना शांत करतात. अन्न बळजबरीने भरवू नये. मारहाणीने मेंदूची निवड सुधारत नाही, भीती मात्र वाढते. तरीही दुसऱ्याला मारू नये, हा नियम अशा मुलालाही लागू असावा. शांत झाल्यावर तो प्रेमाने समजवावा. शिक्षकांनी त्याला गोंगाटापासून दूर बसवावे व मधून मधून थोडी मोकळीक द्यावी.

मदत कोठे मिळते?

आधी बालरोगतज्ज्ञांकडून मुलाचे कान, डोळे व एकूण विकास तपासून घ्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच झाला. त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची विनामूल्य तपासणी होते व गरजेनुसार त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. ही पथके अंगणवाड्यांत आणि शासकीय व अनुदानित शाळांत जातात; विनाअनुदानित शाळांतील मुलांच्या पालकांनी स्वतः पुढाकार घ्यावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, केवळ संवेदन-प्रक्रियेची अडचण नाही. म्हणून मूळ निदान नीट होणे सवलतींसाठीही महत्त्वाचे ठरते.

धर्मग्रामाचे कर्तव्य

ध्वनिक्षेपकाचा आवाज थोडा कमी ठेवणे, दाराजवळचा एक बाक अशा कुटुंबांसाठी राखणे, धूप केव्हा वापरला जाणार हे आधी सांगणे, धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलाला उभे राहून ऐकू देणे, या गोष्टींना खर्च लागत नाही. विकलांग व्यक्तींना संस्कार नाकारता येत नाहीत, हे २०२० च्या व्हॅटिकनच्या धर्मशिक्षण मार्गदर्शिकेने स्पष्ट केले आहे. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारताना ओस्तीचा स्पर्श वा चव मुलाला नकोशी वाटत असेल, तर पालकांनी संकोच न करता धर्मगुरूंशी आधीच बोलावे. साध्या, अभिमंत्रित न केलेल्या ओस्तीने घरी सराव करता येतो.

पुढच्या रविवारी एखादे मूल रडले, तर मान वळविण्याऐवजी थोडे सरकून त्या आईला दाराजवळ जागा करून द्यावी, आणि मिस्सा संपल्यावर ‘पुढच्या रविवारी या हं’ एवढे तिला आवर्जून सांगावे, ही आमची सर्व वाचकांना विनंती आहे.