तळ्यातला गणपती आणि होडीचा उतार

स्वारगेटला उभं आयुष्य काढलेल्या माणसाने होड्यांवर लिहावं हे जरा विनोदीच. आमच्याकडे येतात त्या एसटी, पीएमपीच्या बस, रिक्षा आणि 2024 पासून जमिनीखालून मेट्रो. पाणी म्हणाल तर खडकवासल्याहून येणारा कॅनॉल, आणि पावसाळ्यात अंगात आल्यासारखा वागणारा आंबिल ओढा. पण अडीचशे वर्षांपूर्वी याच स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर लोक होडीत बसत होते. आता 'लोक' म्हणजे कोण, हा खरा प्रश्न. आजचं सगळं लिखाण त्याच एका शब्दाभोवती फिरणार आहे.

निमित्त झालं भाच्याचं. तो अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिथे म्हणे दहा हजारांवर तळी आहेत. त्याने एक छोटी मोटरबोट घेतली आहे, गाडीमागे ट्रेलर लावून ती कुठल्याही तळ्यावर घेऊन जातो. परवा फोनवर विचारतो, "मामा, पुण्यात होडी पाण्यात कुठे उतरवतात?" म्हटलं, "अरे, पुण्यात आम्ही पाण्यात गणपती सोडतो, होड्या नाही!" तो हसला, पण प्रश्न डोक्यात राहिला. मग त्याच्याकडून आणि थोडं वाचून मी समजून घेतलं की होडीचा सार्वजनिक उतार म्हणजे नक्की काय असतं.

वरवर पाहता काय, पाण्यात जाणारा सिमेंटचा एक तुकडा. पण त्यात बरंच गणित आहे. उतार साधारण 12 ते 15 टक्के हवा, म्हणजे शंभर फूट पुढे गेलं की बारा ते पंधरा फूट खाली. याहून सपाट केला तर होडी तरंगायच्या आधी गाडीचीच चाकं पाण्यात. याहून उभा केला तर वर येताना चाकं जागच्या जागी फिरणार. पृष्ठभागावर तिरप्या खाचा हव्यात, कारण शेवाळ धरलं की गुळगुळीत सिमेंटवर माणूसही टिकत नाही. उताराचं खालचं टोक भर उन्हाळ्यातल्या सगळ्यात कमी पातळीच्याही तीन-चार फूट खाली गेलेलं हवं. नाहीतर ट्रेलरचं चाक कडेवरून खाली पडलंच म्हणून समजा. शेजारी होडी बांधून ठेवायला छोटा धक्का हवा. आणि वरच्या बाजूला तयारीची जागा हवी. आपल्या स्टँडवर गाडीच्या दारात उभं राहून पाकिटात सुटे शोधणारा जसा सगळ्या रांगेचा शाप घेतो, तसा उतारावर गाडी उभी करून दोऱ्या सोडणारा. ते काम आधी, बाजूला उभं राहून उरकायचं.

हे वाचताना वाटलं, यातलं अर्धं तर आपल्या घाटांना ठाऊक होतं. घाटाच्या पायऱ्या पाण्याच्या कडेला येऊन थांबत नाहीत, खाली पाण्यातही उतरत जातात. श्रावणात नदी वर चढली तरी तुमच्या पायाशी एक पायरी असते आणि वैशाखात खाली गेली तरी असते. पातळी कितीही बदलो, माणूस आणि पाणी यांची भेट चुकत नाही. फरक इतकाच की घाट बांधले ते स्नानाला, पूजेला, धुण्याला. पावसाळ्यात वेड्यासारख्या वाहणाऱ्या आणि उन्हाळ्यात गुडघाभर उरणाऱ्या मुठेत हौसेने होडी कोण घालणार?

म्हणून पुण्यात ज्याला ज्याला होडीत बसायचं होतं, त्याला आधी पाणी अडवावं लागलं. पहिले नानासाहेब पेशवे. 1749 मध्ये पर्वतीवर देऊळ झालं आणि नंतर त्यांनी पायथ्याशी आंबिल ओढ्याच्या पाण्यावर मोठं तळं करायला घेतलं. मधे एक बेट राखलं, त्यावर बाग झाली. तीच सारसबाग. 1784 मध्ये सवाई माधवरावांच्या नावे तिथे गणपतीचं देऊळ झालं. तेव्हा त्यांचं वय दहा वर्षांचं! चहूकडे पाणी म्हणून हा तळ्यातला गणपती. पेशवे या तळ्यात नौकाविहार करत. अशीही एक कथा सांगतात की नाजूक मसलती होडीत बसूनच होत, आणि वल्ही मारायला मराठी न समजणारे हबशी ठेवत, म्हणजे बोलणं फुटायला नको. कथा खरी-खोटी काही असो, ती सांगणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. या होडीत वाटेल त्याला जागा नव्हती.

पुढे इंग्रज आले. 1850 च्या सुमारास मुळा-मुठेवर बंधारा झाला. त्याला मोठी रक्कम दिली ती मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाईंनी, आणि हेतू होता पाणीपुरवठ्याचा. पण बंधाऱ्यामागे बारमाही, संथ पाणी साठलं आणि साहेबाला वल्ह्यांची आठवण झाली. 1868 मध्ये तिथे बोट क्लब निघाला, तोच आजचा रॉयल कॅनॉट बोट क्लब. बोट क्लब रोड हे नाव त्यावरूनच पडलं. रस्त्यावरून कोणीही जावं, पण क्लबातून पाण्यावर जायचं तर सभासद हवं.

1928 मध्ये इंजिनिअरिंग कॉलेजने, म्हणजे आपल्या सीओईपीने, संगमाजवळ स्वतःचा बोट क्लब काढला. त्यांची रेगाटा ज्यांनी पाहिली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. संध्याकाळी काठावर तोबा गर्दी, आणि काळ्या पाण्यावर मुलं बाणाच्या आकारात कयाक नेतात, होड्यांमध्ये उभं राहून मशाली नाचवतात. गेल्या काही वर्षांत जलपर्णी आणि मैलापाणी यांच्याशी झुंजत हे चाललंय. पण पाण्यावर विद्यार्थी आणि काठावर आपण प्रेक्षक.

आणखी दोन ठिकाणं. खडकवासल्याच्या जलाशयाला लागून एनडीए आहे, तिथल्या पीकॉक बेमध्ये कॅडेट शिडाच्या होड्या शिकतात. दापोडीला सीएमईमध्ये सैन्याचं रोइंगचं केंद्र आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ तिथेच तयार झाला. गाव दुष्काळी, लहानपणी विहिरी खोदण्यासारखी मजुरीची कामं केलेली. 2012 मध्ये तो सैन्यात गेला, पुण्यात वल्हं हातात धरलं आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला. 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक! पाणी खणून काढणाऱ्या मुलाला पाण्यावर उतरायची वाट मिळाली की काय होतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. पण ती वाट त्याला मिळाली वर्दी घातल्यावर.

म्हणजे हिशेब असा. पुण्यात पाण्यात उतरायच्या चांगल्या जागा आहेत, पण प्रत्येकीपुढे एक फाटक आहे. आधी पेशव्यांचं, मग क्लबाचं, मग कॉलेजचं, मग लष्कराचं.

फाटकवाल्यांवर माझा राग नाही, हेही सांगतो. लष्कराला त्याची कारणं आहेत. खडकवासल्याचं पाणी आपण पितो, तिथे मोटरबोटी घुमवू नयेत हे बरोबरच. आणि मुळामुठेची आज जी दशा आहे तिच्यात क्लबांनी वल्हवणं चालू ठेवलं म्हणून निदान ती परंपरा टिकली. ज्याची मालकी, तो काळजी घेतो, हे खरं आहे.

पण याच नियमाची दुसरी बाजू आमच्या सारसबागेत दिसते. तळं पेशव्यांचं होतं. पेशवाई गेली, हळूहळू तळंही गेलं. 1953 मध्ये तळ्याच्या जागेतल्या एका भागात पेशवे पार्क झालं, 1968 मध्ये महापालिकेने सारसबागेची आजची बाग केली. बाग छानच आहे, आमच्या तीन पिढ्या तिथे भेळ खात वाढल्या. पण अख्खं तळं नाहीसं झालं आणि शहराला चुकल्यासारखं वाटलं नाही. मला वाटतं, त्याचं कारण हेच असावं की सामान्य माणूस त्या पाण्यावर कधी गेलाच नव्हता. जे आपलं नव्हतं त्याच्यासाठी कोण रडणार?

भाच्याकडची व्यवस्था मला म्हणून आवडली. एकट्या मिनेसोटात दीड हजारांवर सार्वजनिक उतार सरकार सांभाळतं. पैसा कुठून? होड्यांच्या नोंदणीची फी, आणि होडीवाले जे पेट्रोल जाळतात त्यावरच्या कराचा वाटा. मासेमारीच्या सामानावर आणि बोटींच्या इंधनावर केंद्र जो कर घेतं, त्यातून राज्यांना मिळणाऱ्या रकमेपैकी किमान 15 टक्के होड्यांसाठी पाण्याची वाट करण्यावरच खर्च करावे लागतात, असा कायदा आहे. म्हणजे मालक आहे, पण तो एकटा-दुकटा नाही. जो वापरतो तो भरतो, आणि जो भरतो तो पाणी घाण झालं की ओरडतो.

आपल्याकडे नदीकाठ सुधारणेचा 44 किलोमीटरचा प्रकल्प 2022 पासून सुरू झाला आहे. त्यावर वाद पुष्कळ आहेत, ते इथे नकोत. माझं मागणं छोटं आहे. मैलापाणी थांबवायचं काम तर आधी हवंच, त्यावाचून बाकी सगळं व्यर्थ. पण त्यानंतर फिरायचे रस्ते, बाकडी, दिवे यांच्याबरोबर एखाद्या संथ जागी, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, एक उतार ठेवा. शंभराला बाराचा, खाचा पाडलेला, उन्हाळ्याच्या पातळीखाली गेलेला. शेजारी चार पायऱ्या, म्हणजे होडी नसलेल्या आजीलाही पाण्याला हात लावता येईल. आणि दारात कोणी ओळखपत्र विचारू नये.

नाहीतर होडी पुण्यात येतेच हो, पण कशी? 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत माणसं बाहेर काढायला बोटी न्याव्या लागल्या. तेव्हा फाटक नव्हतं, सभासदत्व नव्हतं, सगळ्यांना मुक्त प्रवेश होता. आपण पाण्याकडे जायची वाट ठेवली नाही की पाणी आपल्याकडे यायची वाट शोधतं. पाण्याशी ओळख अशा दिवशी होण्यापेक्षा एखाद्या निवांत रविवारी झालेली बरी, नाही का?

असो. भाचा डिसेंबरात येतोय. त्याला तळ्यातला गणपती दाखवीन म्हणतो. तळं कुठे आहे ते त्यानेच शोधावं.