पेशंट ॲडमिट करताना : कोणती अपेक्षा रास्त, कोणती नाही?

निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव ७५ च्या आसपास. त्यामुळे सीमाभागात पेशंट सीरियस झाला की घरात पहिला प्रश्न हाच : सीपीआरला न्यायचं, की बेळगावच्या सिव्हिलला, की केएलईला? दवाखाना ठरतो, गाडी निघते. पण तिथं काय होईल आणि काय होणार नाही, हे कुणी विचारत नाही. पुढची वादावादी बऱ्याचदा तिथूनच सुरू होते.

‘कार्ड आहे, सगळं फुकट’

कार्ड कोणत्या राज्याचं, हे आधी बघा. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कार्डावर पॅकेजच्या ३० टक्केच रक्कम मिळते, तीही वर्षाला दीड लाखापर्यंत. इमर्जन्सी नसेल तर खासगी दवाखान्यासाठी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं.

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटक सरकारने त्याला आक्षेप घेतला. म्हणून आपलं गाव यादीत आहे एवढ्यावर विसंबू नका. दवाखाना योजनेत आहे का, हा आजार बसतो का, कागद कोणते लागतात, हे ॲडमिट होतानाच आरोग्यमित्राला विचारा.

‘सलाईन लावा, ताकद येईल’

साध्या सलाईनच्या एक लिटर बाटलीत पाणी आणि ९ ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजच्या ५ टक्केवाल्या बाटलीत ५० ग्रॅम साखर, म्हणजे एखाद्या भाकरीएवढीच ताकद. उलट्या-जुलाबाने पाणी कमी झालं असेल किंवा तोंडाने काही जात नसेल, तर सलाईन हवंच. पेशंट जेवतोय-खातोय, तर डॉक्टर नको म्हणाले म्हणून रागावण्यात अर्थ नाही.

‘ताप उतरला, आता सोडा’

डेंग्यूत ही घाई जिवावर बेतू शकते. ताप उतरण्याच्या सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, धोका वाढतो. जोराची पोटदुखी, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती यांपैकी काही दिसलं तर लगेच सिस्टरला सांगा. आणि नुसता आकडा कमी आला म्हणून प्रत्येकाला प्लेटलेट चढवत नाहीत.

‘एवढा पैसा भरला, पेशंट बरा झालाच पाहिजे’

अशी हमी कुठलाच डॉक्टर देऊ शकत नाही. उपचाराला यश आलं नाही, एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केलं. पण खरोखर हयगय झाली असेल तर ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हा निकाल १९९५ चा आहे. तोडफोड केली तर मात्र तक्रार बाजूला राहते आणि गुन्हा आपल्यावरच दाखल होतो.

मग हक्काने काय मागायचं?

आजार काय आहे आणि उपचार कोणता, हे समजेल त्या भाषेत कळणं हा पेशंटचा हक्क आहे. संमतीचा कागद कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर ‘मराठीत समजावून सांगा’ म्हणा, मगच सही करा. बिलाचा तपशील, तपासण्यांचे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड मागून घ्या. पुढे कोल्हापूरला किंवा बेळगावला हलवायची वेळ आली तर तेच कागद उपयोगी पडतात.

घरातल्या एकानेच डॉक्टरांशी बोलायचं ठरवा. पाच पाहुण्यांनी पाच वेळा विचारलं की पाच अर्थ निघतात. त्या एकाने पहिल्याच दिवशी चार गोष्टी विचाराव्यात : आजार नेमका काय? साधारण किती दिवस लागतील? खर्च किती, त्यातला कार्डावर किती? आणि तब्येत बिघडतेय हे आम्ही कशावरून ओळखायचं? उत्तरं वहीत लिहून ठेवा. परिस्थिती बदलली की तीच उत्तरं डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्या.