जुम्म्याची गोळी

डहाणूला माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर टांगलेलं असायचं. त्यावर प्रत्येक शुक्रवारी लाल पेनाने केलेला गोल. जुम्म्याच्या दिवशी माझ्या भाच्याला मेथोट्रेक्सेट नावाच्या गोळ्या द्यायच्या असत. आठवड्यातून एकदाच. चुकून रोज दिल्या तर जिवावर बेतू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. विसर पडू नये म्हणून तिने त्या जुम्म्याला बांधून टाकल्या. घरात त्यांचं नावच पडलं, जुम्म्याची गोळी.

भाचा तेव्हा सहा वर्षांचा. आधी ताप, मग पाय दुखणं, मग नडगीवर मार न लागता उठणारे निळे डाग. चेहरा पांढराफटक. आमच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात फिकट चेहऱ्याचं मूल ही काही नवलाची गोष्ट नाही. कुपोषण आहे, मलेरिया आहे, आदिवासी पाड्यांवर सिकलसेल आहे. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं यात मला त्यांचा फार दोष वाटत नाही. पण तीन आठवडे त्यात गेले. शेवटी कुणीतरी साधी रक्ततपासणी करायला सांगितली आणि त्या कागदावर ‘ब्लास्ट’ हा शब्द आला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आम्ही दादर आणि तिथून परळला टाटा हॉस्पिटल गाठलं.

आजाराचं नाव अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा हाच. हाडांच्या आतला मगज, म्हणजे बोनमॅरो, हा रक्ताचा कारखाना. तिथे पांढऱ्या पेशींची एक जात कच्चीच राहते आणि बेसुमार वाढत सुटते. बाकीच्यांना जागाच उरत नाही. लाल पेशी घटल्या की मूल फिकं पडतं, प्लेटलेट घटले की डाग उठतात, आणि कामाच्या पांढऱ्या पेशी नसल्या की ताप हटत नाही. भाच्याची सगळी लक्षणं या एका वाक्यात होती. आम्ही ती तीन वेगवेगळी दुखणी समजत होतो.

एकदा बहिणीने मला विचारलं, “भाईजान, एवढीशी गोळी, तीही आठवड्यातून एकदा. हिने काय होणार?” त्या प्रश्नापायी मी वाचायला लागलो, आणि वाचता वाचता पुन्हा परळलाच येऊन पोचलो.

टाटा हॉस्पिटलपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. 1928 साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर तिथे आली. मुंबईतल्या गिरणी कामगार बायका गरोदरपणात रक्त आटून मरत होत्या, त्याचं कारण तिला शोधायचं होतं. तिने वेगवेगळ्या समाजांतल्या बायका काय खातात याची पाहणी केली. सगळ्यात निकस आहार आणि सगळ्यात जास्त अ‍ॅनिमिया सापडला तो गरीब मुसलमान बायकांमध्ये. या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. आपल्या वस्त्यांतल्या कुणाच्या तरी पणज्या, खापरपणज्या त्या. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत, पण त्यांच्या रक्ताचे नमुने इतिहासात आहेत.

विल्सने उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग केले. शेवटी असं दिसलं, की मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त काळा अर्क दिला तर हा अ‍ॅनिमिया बरा होतो. 1931 मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. लोक त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. तेच पुढे फॉलिक अ‍ॅसिड ठरलं. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळीबरोबर जे मिळतं, ते हेच.

आता यल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमचा, 1895 चा जन्म. स्प्रू नावाच्या पोटाच्या आजाराने भाऊ गमावलेला हा माणूस अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. त्याच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड कारखान्यात बनवण्याची रीत शोधली. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ते ल्युकेमियाच्या मुलांना देऊन पाहिलं, आणि आजार उलट भडकल्यासारखा दिसला. म्हणजे कॅन्सरच्या पेशी याच्यावरच पोसत होत्या! मग फार्बर यांनी उलटा विचार केला. फॉलिक अ‍ॅसिडसारखं दिसणारं पण पेशीला फसवणारं, तिचं काम बंद पाडणारं काहीतरी द्यायचं. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने अमिनोप्टेरिन बनवून पाठवलं. 1947 संपता संपता ते पहिल्यांदा वापरलं गेलं. जून 1948 मध्ये फार्बर यांनी लिहिलं, की 16 मुलांपैकी 10 मुलांना फरक पडला. अंथरुणाला खिळलेली मुलं उठून चालू लागली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. अमिनोप्टेरिनचं कमी विषारी भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. जुम्म्याची गोळी.

पण बोस्टनची ती मुलं पुढे गेली. काही आठवडे, काही महिने चांगले गेले आणि आजार उलटला. रक्त स्वच्छ दिसत होतं तरी कुठेतरी थोड्या पेशी लपून होत्या. पुढची वीसेक वर्षं डॉक्टर त्या लपलेल्या पेशींच्या मागे होते. एका औषधाने भागत नाही म्हणून तीन-चार एकत्र दिली. मेंदूभोवतीच्या पाण्यात पेशी दडतात म्हणून पाठीच्या कण्यात सुई देऊन औषध सोडलं. आणि वर्षानुवर्षं औषध चालू ठेवलं. अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलात डोनाल्ड पिंकेल यांनी हे सगळं एकत्र बांधलं, आणि 1970 च्या आसपास निम्मी मुलं कायमची बरी होऊ लागली. आज श्रीमंत देशांत दहातली नऊ वाचतात.

त्या औषधांतलं एक आहे व्हिन्क्रिस्टिन. ते सदाफुलीतून निघतं. आमच्या कब्रस्तानात सदाफुली भरपूर, कारण बकऱ्या तिला तोंड लावत नाहीत. हे कळल्यावर एका शेजारणीने पाल्याचा रस द्यायला सुचवलं. तसं करू नका. चिमूटभर औषधासाठी ढीगभर पाला लागतो, आणि त्या पाल्यात विषारी अंशही असतात.

आपल्याकडे 1980 पर्यंत पाचातलं एखादंच मूल वाचायचं. मग 1984 च्या सुमारास मुंबईचं टाटा, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईचं अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी अमेरिकेतल्या इयान मॅग्रथ यांच्याबरोबर बसून एक उपचारपद्धत ठरवली, एमसीपी 841. आपल्या हॉस्पिटलांना झेपेल अशी. तिने वाचणाऱ्या मुलांचं प्रमाण दुपटीहून वर गेलं. टाटामध्ये या कामाच्या मुळाशी डॉ. सुरेश अडवाणी होते. लहानपणी पोलिओ झाल्याने व्हीलचेअरवरून वॉर्डात फिरणारे.

तरीही मुलं जात होती, आणि त्याचं एक कारण औषधाशी संबंधित नव्हतं. लोक उपचार अर्धवट सोडून घरी जात. पहिल्या महिनाभराच्या केमोनंतर मूल हसू-खेळू लागतं, रिपोर्ट स्वच्छ येतो. बापाला वाटतं, झालं बरं. अजून दोन वर्षं बाकी असतात. बोस्टनच्या मुलांचं जे झालं ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

असं एक कुटुंब आम्हाला परळमध्ये भेटलं. तलासरी तालुक्यातलं, वारली. त्यांचा मुलगा आमच्या भाच्याच्याच वयाचा, दोघे एकाच बाकावर बसून सलाइनच्या नळीशी खेळायचे. फुले योजनेतून औषधांचा खर्च निघत होता, राहायला संस्थेची खोली मिळाली होती. पण भातलावणी आली आणि ते गेले. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं होतं, मुकादमाची उचल आधीच घेतलेली. आम्ही त्यांच्या शिव्या खाल्ल्या नाहीत एवढंच, इतके मागे लागलो. बाप म्हणाला, “दादा, पोर बरा झाला ना? मंग कशाला?” मी त्याला फार्बरची गोष्ट सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. उचल फेडायची होती त्याला. बोस्टन कुठून ऐकून घेणार.

हॉस्पिटलातून फोन जात राहिले. पाचव्या की सहाव्या फोनला आजीने उचलला. ती स्वतः नातवाला घेऊन आली, एकटी, हातात औषधांची चुरगळलेली पिशवी. घरी ठेवायच्या गोळ्यांबद्दल नर्स तिला समजावत होती, आठवड्यातून एकदाच, वार ठरवा. माझी बहीण शेजारीच होती, तिने आपली जुम्म्याची युक्ती सांगितली. आजीला जुम्मा कळला नाही. थोडा विचार करून ती म्हणाली, “मंग आमी बाजाराच्या दिशी देऊ.”