मोटारीचा आकार आणि सुरक्षितता

नवी मुंबईत वाशी येथे डिसेंबर २०२४ मध्ये पुढची मोठी मोटार दुभाजकावर आदळली. तिचा तडाखा मागून येणाऱ्या लहान मोटारीस बसला आणि उघडलेल्या एअरबॅगच्या आघाताने पुढील आसनावरील सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला.

दोन मोटारींच्या धडकेत हलकी मोटार अधिक हादरा सोसते. ८०० आणि १,६०० किलोच्या मोटारी समोरासमोर आदळल्यास हलक्या मोटारीच्या वेगातील बदल दुप्पट असतो. मात्र दुभाजक किंवा कठड्यावर आदळताना वजनाचा हा लाभ फारसा उरत नाही. तेथे सांगाड्याची मजबुती निर्णायक ठरते. ग्लोबल एनकॅपच्या ताशी ६४ किलोमीटर वेगाच्या चाचणीत २०१४ मध्ये पाच भारतीय लहान मोटारींना शून्य तारे मिळाले होते. २०१८ मध्ये चार मीटरहून कमी लांबीच्या टाटा नेक्सॉनने पाच तारे मिळवले. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशी मूल्यांकन योजना लागू आहे.

पट्टा लावलेला असेल तरच एअरबॅग पुरेसे संरक्षण देते. लहान मुलांना मागील आसनावर, वयानुरूप बालआसनात बसवावे. मोटार लहान असो वा मोठी.